नळातलं गुलाबी पाणी

गाडीतलं पाणी काढून टाकायचं, हे पहिलं काम. पोटाखालची दोन बुचं उघडली की टाकीतलं उरलंसुरलं पाणी ड्राइव्हवेवरून ओघळत रस्त्यापर्यंत जातं, आणि उन्हाळा संपला हे मला त्या ओघळावरून कळतं. कॅलेंडरवरून नाही, झाडांवरूनही नाही. पेनसिल्व्हेनियातली झाडं सप्टेंबर सरता सरताच रंगायला लागतात, लोक लांबून लांबून बघायला येतात. आम्हाला इथे स्टेट कॉलेज नावाच्या गावात इतकी वर्षं झाली की त्या लाल-पिवळ्या पानांकडे बघून माझ्या मनात एकच येतं, आता ही गोळा करायची.

या वर्षी ती बुचं मी उघडली. आजवर हे काम दिलीपचं होतं, माझ्या नवऱ्याचं. मी चहा घेऊन बाहेर यायचे तेव्हा तो गाडीखाली आडवा झालेला असायचा, नुसते बूट दिसायचे. आज तो गाडीच्या पायरीशी खुर्ची टाकून बसला होता, लोकरीची टोपी कानांवर ओढून, आणि गाडीखाली मी होते.

"उजवीकडचं आधी," तो म्हणाला.

"कुणाच्या उजवीकडचं?"

"गाडीच्या गं."

"गाडीचं तोंड कुठे आहे ते माहितीय मला. पण मी उताणी पडलेय इथे."

पूर्वी यावर तो मोठ्याने हसला असता. आज नुसतं "हं" म्हणाला.

आरव्ही हा शब्द आमच्या घरात कधी रुळलाच नाही. दिलीपने पहिल्या दिवशीच तिचं नाव ठेवलं, बिऱ्हाड. पुढून ट्रक, मागून घर. दोन बर्नरची शेगडी, ताटाएवढं सिंक, उभ्याने अंघोळ करता येईल एवढी मोरी, मागे आमचा पलंग, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळ्यासारखी झोपायची जागा. आमचा केदार कॉलेजच्या सुट्टीत तिथे एकदाच झोपला, सकाळी छताला डोकं आपटून खाली उतरला, आणि पुन्हा कधी आमच्याबरोबर आला नाही. गाडी जुनीच घेतली होती. आधीच्या मालकाच्या कॉफीचा, कुत्र्याचा आणि सिगरेटचा वास तिला होता. पहिले दोन उन्हाळे तो काही केल्या जाईना. मग हळूहळू त्यात आमची फोडणी मुरली. आता दार उघडलं की हिंग, ओलसर गालिचा आणि लाकडाचा धूर यांचा मिळून एक वास येतो. धूर कॅम्पग्राउंडवरच्या शेकोट्यांचा. त्या शेकोटीत मी वांगी भाजायचे. इथली वांगी ही एवढाली, आतून कापसासारखी, चवीला काही नाही. पण लाकडावर भाजली, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून घातला, की अंधार पडताना तळ्याकाठी बसून खायला पुरेशी खानदेशी लागायची. शेजारच्या तंबूतली माणसं विचारायची, व्हॉट आर यू बर्निंग, आणि दिलीप गंभीर चेहऱ्याने सांगायचा, आवर डिनर.

या गाडीने माझं एक काम करून दिलं. लग्न झाल्यापासून मी दिलीपला 'अहो' म्हणत होते. अमेरिकेत आले तरी म्हणत होते, बरोबरच्या बायका हसायच्या तरी म्हणत होते, जिभेला दुसरं वळणच नव्हतं. गाडी घेतली तेव्हा पहिल्याच सहलीला कॅम्पग्राउंडवर ती उलटी लावायची होती. तो आरशात बघत मागे घेत होता आणि मी मागे उभी राहून सांगत होते. "अहो, थोडं डावीकडे घ्या... अहो, आता जरा थांबता का..." एवढं वाक्य पुरं होईपर्यंत मागचा बंपर लाकडी बाकात घुसला होता. दिलीप खाली उतरला, बाक बघितलं, बंपर बघितला, आणि म्हणाला, "हे बघ, इथून पुढे नुसतं 'थांब' म्हण." मी म्हटलं, कसं म्हणू? तो म्हणाला, "ओरडून."

तेव्हापासून गाडीत 'अरे दिलीप' आणि घरात 'अहो' असं बरीच वर्षं चाललं. मग घरातला 'अहो'सुद्धा कधीतरी गळून गेला. कधी ते आठवत नाही.

त्याच्या डोळ्यांचं गेल्या हिवाळ्यात सुरू झालं. आधी पुस्तकातल्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या. मग ओळींच्या मधोमध एक करडा ठिपका आला आणि तो मोठा होत गेला. आता त्याला कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. तो चालतो, जिने उतरतो, भाजी चिरतो. पण माझा चेहरा बघायचा असेल तर त्याला माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी नजर लावावी लागते. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. उन्हाळ्याच्या शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता ड्रायव्हिंग नको. परत येताना गाडी मी चालवली, आमची छोटी गाडी, आणि तो शेजारी बसून रस्त्याच्या कडेची मक्याची शेतं बघत राहिला.

आणि नेमकं हेच वर्ष आमचं दक्षिणेला जायचं होतं.

दर सप्टेंबरला आम्ही कॅम्पग्राउंडवरून परत निघायचो तेव्हा शेजारची म्हातारी जोडपी दुसऱ्या दिशेला निघालेली असायची. फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना, टेक्सस. इथे त्यांना स्नोबर्ड म्हणतात. बर्फ पडायच्या आधी उडून जायचं, वसंतात परत यायचं. मिशिगनमधल्या एका तळ्यावर ओहायोची बार्बरा भेटली होती. ती आणि तिचा नवरा दर हिवाळा टेक्ससच्या पार खालच्या टोकाला काढायचे. ती मला म्हणाली, जानेवारीत सकाळी मी कपडे धुते आणि बाहेर दोरीवर वाळत घालते. बाकी तिने पाम वृक्षांचं सांगितलं, समुद्राचं सांगितलं, पण मी त्या दोरीपाशीच अडकले. इतकी वर्षं मी ड्रायरमधून कपडे काढतेय, उबदार, मऊ, आणि कशाचाच वास नसलेले. उन्हात कडक झालेला टॉवेल अंगाला लागतो तेव्हा कसं वाटतं ते मी विसरत चालले होते.

पण दर वर्षी काहीतरी असायचं. दिलीपची विद्यापीठातली लॅब, माझी लायब्ररीतली नोकरी, केदारचं लग्न, मग मीराचा जन्म. पुढच्या वर्षी जाऊ. शेवटी दोघेही रिटायर झालो आणि बार्बराच्याच आरव्ही पार्कमध्ये गाडी लावायला तीन महिन्यांसाठी जागा बुक केली. दिलीपने नकाशावर रस्ते आखले. सप्टेंबरात मी तिथे फोन करून बुकिंग कॅन्सल केलं. तो बाजूच्या खोलीत होता, रेडिओ लावून. मी फोन ठेवला तसा त्याने रेडिओ मोठा केला.

पाणी निघून जाईपर्यंत मी गाडीतले खण रिकामे करायला घेतले. डाळींचे डबे, मीठ, बिस्किटं, सगळं घरात न्यावं लागतं, नाहीतर हिवाळ्यात उंदीर येतात. चादरींच्या खणात हात घातला आणि वाळ्याची जुडी हाताला लागली. चादरींना वास यावा म्हणून मीच ठेवलेली. सुकून काडीसारखी झालेली. तरी बोटांमध्ये चुरगाळली तशी वास आलाच, आणि मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसले.

भुसावळचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला उन्हाळा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माझे वडील रेल्वेत पार्सल ऑफिसला होते आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, एका ओळीतली बैठी घरं, पुढे छोटं अंगण, मागे यार्ड. एप्रिल उजाडला की वडील वाळ्याचा पडदा काढायचे. तो दाराला टांगायचा आणि त्याच्यावर पाणी मारत राहायचं, हे आम्हा भावंडांचं काम. दुपारी बाहेर पांढरं ऊन रटरटत असायचं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आणि आत पडद्याआड हिरवट काळोख, थंडगार फरशी, आणि तो वास. ओल्या मातीचा म्हणावा तर नाही, गवताचा म्हणावा तर नाही. आम्ही पोटावर झोपून गाल फरशीला लावायचो. मागे यार्डात डबे एकमेकांवर आदळायचे, एक दणका, मग तो दणका पुढच्या पुढच्या डब्यात पळत जायचा, लांब, अगदी नाहीसा होईपर्यंत. केळीच्या वॅगन्स उभ्या असल्या की गोडसर, उतू चाललेला वास पडद्यातूनही आत यायचा.

पहाटे बिबडे. आई आणि शेजारच्या पवारकाकू उजाडायच्या आत अंगणात चूल पेटवून ज्वारीचं पीठ शिजवायच्या. मोठ्या पातेल्यात लाकडी काठीने ढवळताना काकूंच्या बांगड्या वाजायच्या. मग बाजेवर ओलं कापड पसरून त्यावर हाताने थापत जायच्या, एकेक गोल, पातळ. ऊन चढलं की आम्ही राखणीला, कावळे हाकलायला. अर्धे ओले बिबडे आम्हीच खायचो, शेंगदाण्यांबरोबर, आणि आईला ते माहीत असायचं. ती दारातून ओरडायची, "अगं डोकं झाक! ऊन लागलं तर रात्रभर मी बसणार आहे का कांदा हुंगवत?"

ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, डोक्याला फडकं, कैरीचं पन्हं. सगळं लहानपण आम्ही उन्हापासून लपण्यात घालवलं. ते क्वार्टर्स पाडले म्हणे. भावाने पुण्याहून फोनवर सांगितलं. आई गेल्यावर भुसावळला जायचं कारणही उरलं नव्हतं.

"काय करतेयस आत?" बाहेरून दिलीपने विचारलं.

"काही नाही. चादरी."

"पाण्याच्या हीटरची टाकी रिकामी केलीस का?"

"केली रे."

"बूच परत लावलंस?"

"लावलं."

इथला पहिला हिवाळा मला अजून पायांच्या बोटांत आठवतो. लग्न होऊन मी आले ते थेट जानेवारीत. दिलीप तेव्हा पीएचडी करत होता आणि अपार्टमेंट आणखी एका मुलाबरोबर शेअर करत होता. मी आले म्हणून तो मुलगा बिचारा आपलं सामान घेऊन हॉलमध्ये सरकला. खोलीला जाड गालिचा, भिंतीशी खोली तापवणारा रेडिएटर, तो मधूनच ठोके द्यायचा, आत कोणी अडकल्यासारखा. खिडक्या घट्ट बंद. मला सगळ्यात जास्त भीती त्या शांततेची वाटली. ना कुकरच्या शिट्ट्या, ना भांडणं, ना भाजीवाला, ना गाडीची शिट्टी. बर्फ पडताना आवाज होत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी फोडणी दिली की तिचा वास कोटात जाऊन बसायचा आणि कॅम्पसच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची. दिलीप म्हणायचा, थोडी वर्षं, मग कुठेतरी उबदार ठिकाणी नोकरी बघू. कॅलिफोर्निया, टेक्सस. त्याला इथेच नोकरी लागली. ती चांगली होती. मग घर, मग केदारची शाळा. आम्ही कोणावर चिडावं असं त्यात काहीच नव्हतं.

दुपारी केदारचा व्हिडिओ कॉल आला. तो नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला असतो. फोनमध्ये मागे त्याचं हिरवं अंगण दिसत होतं आणि मीरा टी-शर्टवर सायकल फिरवत होती.

"आई, तू गाडीखाली गेली होतीस? तुझ्या केसांत काय आहे?"

"पानं असतील."

"यार आई, कमॉन. तुम्ही दोघं हे का करताय? कोणाला तरी पैसे देऊन करून घ्या ना. किंवा विकूनच टाका. आत्ता लिस्ट केली तर जाईल. स्प्रिंगमध्ये कोण ड्राइव्ह करणार आहे ती?"

मी फोन घेऊन दारातून आत सरकायला बघत होते, पण दिलीपने ऐकलं होतं. डोळे गेल्यापासून त्याचे कान फार तयार झालेत.

"फोन दे इकडे," तो म्हणाला. त्याने फोन चेहऱ्यापासून लांब, जरा तिरका धरला. "केदार, अरे गाडी माझ्या दारात उभी आहे. तुझ्या नाही."

"बाबा, मी फक्त प्रॅक्टिकल बोलतोय. घरही केवढं मोठं आहे तिथे. इथे खालची रूम तुमचीच आहे, रिकामी पडलीय. देऊळ आहे, दुकानं आहेत, वॉकला निघालात तर चार मराठी लोक भेटतील. आणि इथे डिसेंबरमध्येही जॅकेट घालून फिरता येतं."

"जॅकेट घालूनच ना?" दिलीप म्हणाला.

केदार हसला, पण ते हसू थकल्यासारखं होतं. तोही दमतो, हे मला त्या हसण्यात कळलं. तेवढ्यात मीराने फोनमध्ये तोंड घातलं. "आजी, इज द बस गोइंग टू स्लीप?"

"हो गं राणी. झोपणार आता."

"टिल व्हेन?"

"उन्हाळा येईपर्यंत."

"बट इट्स नॉट इव्हन कोल्ड," ती म्हणाली आणि पळाली.

फोन ठेवल्यावर मी गुलाबी औषधाचे कॅन आणले. पाइपांमध्ये पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होतो आणि पाइप फुटतात. म्हणून पंपाने हे औषध सगळ्या पाइपांतून फिरवायचं, आणि प्रत्येक नळातून गुलाबी पाणी आलं की तो नळ बंद करायचा. अगदी सरबतासारखा रंग असतो. शाळेत हिवाळ्यावरच्या निबंधात आम्ही सगळ्या 'गुलाबी थंडी' लिहायचो, बाईंनी सांगितलं म्हणून. भुसावळला थंडी पडायची ती स्वेटर दाखवण्यापुरती. पहिल्या वर्षी दिलीपने हे औषध आणलं तेव्हा मी म्हटलं होतं, बघ, अमेरिकेत गुलाबी थंडी कॅनमध्ये मिळते. तेव्हा आम्ही दोघे केवढे हसलो होतो.

मी नळी कॅनमध्ये सोडली, पंप चालू केला. सिंकचा थंड नळ उघडला. तो फुरफुरला, हवा आली, थोडं साधं पाणी, मग फिकट, मग चांगलं गुलाबी. बंद केला. गरम उघडला. फुरफुर. काहीच नाही. पंप चालतोय, कॅन रिकामा होतोय, नळातून नुसती हवा. मी दुसरा कॅन लावला. तोही अर्ध्यावर आला.

"अगं थांब," दिलीप बाहेरून म्हणाला. "थांब, बंद कर. पंपाचा आवाज ऐक. हीटरची टाकी पितेय सगळं. टाकी चुकवायचा बायपास फिरवलास का तू?"

"फिरवला."

"कुठल्या बाजूला?"

मी वाकून पुन्हा कोपऱ्यात बघायला लागले. तो म्हणाला, "तुला सकाळी दोनदा सांगितलं मी. दोनदा. हँडल आडवं करायचं. एवढं साधं—"

"नाही जमत मला," मी म्हटलं. माझा आवाज मोठा झाला तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं. "नाही जमत, दिलीप. माझे गुडघे दुखतात, माझ्या बोटांना थंडी लागलीय, मला ते हँडल दिसत नाही त्या कोपऱ्यात. कशासाठी करतोय आपण हे? कोण चालवणार आहे ही? केदार काय चुकीचं बोलला?"

आणि मी तिथे सिंकपाशी खाली बसले, गालिच्यावर, पाठ कपाटाला लावून. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. नुसता थकवा आला, डोक्यापासून पायापर्यंत.

बाहेर खुर्ची कुरकुरली. पायरीवर पाऊल वाजलं, मग दुसरं. दिलीप आत आला. त्याने एका हाताने ओटा धरला, दुसऱ्या हाताने माझा खांदा चाचपला, आणि हळूहळू, एक गुडघा, मग दुसरा, असा माझ्या शेजारी खाली उतरला. मग पोटावर आडवा झाला. ओट्याखालचं फळीचं दार उघडलं आणि हात कोपरापर्यंत आत घातला. डोळे मिटलेले होते. मिटायची गरज नव्हती, पण मिटले होते. आत त्याची बोटं पाइपांवरून चालत होती, ते मला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. खुट्.

"झालं," तो म्हणाला.

"टाकीत गेलं त्याचं काय?"

"राहू दे. वसंतात धुऊन काढू." तो तसाच पडून होता. "मी ओरडायला नको होतं."

"मीही ओरडले."

"तुला तर मीच शिकवलंय ओरडायला," तो म्हणाला, आणि मला हसू फुटलं, आणि मग त्या हसण्याबरोबर रडूही आलं. उरलेला अर्धा कॅन आणि गॅरेजमधला गेल्या वर्षीचा एक, तेवढं पुरलं. तो आडवा पडूनच पंप चालू-बंद करत होता आणि मी नळांपाशी उभी होते.

"आलं?"

"नाही अजून. पांढरं येतंय. आलं, आता आलं."

"चांगलं गुलाबी?"

"चांगलं गुलाबी."

सिंक, मोरी, संडास. एकेक नळ बंद होत गेला. शेवटी पंप थांबला आणि गाडी एकदम गप्प झाली. मी फ्रिजचं दार उघडं ठेवून त्यात टॉवेल अडकवला, गाद्या भिंतीला उभ्या केल्या, भोकांमध्ये तारेची घासणी कोंबली उंदरांसाठी. हात धुवायला आता गाडीत पाणी नव्हतं. ते मी पँटलाच पुसले.

वळून बघितलं तर दिलीप पुढे गेला होता. मला वाटलं, नेहमीसारखा ड्रायव्हरच्या सीटवर बसेल. दर वर्षी सगळं झालं की तो तिथे बसून एकदा इंजिन चालू करायचा, ऐकायचा, आणि बंद करायचा. पण तो शेजारच्या सीटवर बसला होता. माझ्या जागेवर. मी दोन्ही सीटच्या मध्ये उभी राहिले.

"बस ना," तो म्हणाला.

मी स्टीअरिंगपुढे बसले. ती सीट त्याच्या पायांच्या मापाने मागे होती, माझे पाय पेडलला नीट पोचत नव्हते. समोरच्या एवढ्या मोठ्या काचेतून आमचं गॅरेज, शेजाऱ्यांचं मेपलचं झाड आणि कचऱ्याचे दोन डबे दिसत होते.

"दिलीप, आपण गाडीशिवाय जाऊ या का?"

"कुठे?"

"टेक्ससला. बार्बराकडे. विमानाने. त्या पार्कमध्ये राहायला भाड्याने ट्रेलर मिळतात, ती म्हणाली होती. बारकासा घेऊ."

तो म्हणाला, "गाडी नाही, मला चालवता येत नाही, कुठे जाता येणार नाही. तिथे जाऊन करायचं काय आपण?"

"काही नाही. उन्हात बसायचं."

"दिवसभर?"

"दिवसभर. मी धुणं वाळत घालीन. तू बस."

"आणि केदारला काय सांगायचं?"

"येताना त्याच्याकडे महिनाभर राहू. खालच्या खोलीत. नुसतं राहायला. पुढचं पुढे."

"आणि हिचं?" त्याने डॅशबोर्डवर हात ठेवला.

"उन्हाळा येऊ दे. मग तूच सांग."

त्याने मान हलवली. हो म्हणाला असं नाही. पण थोड्या वेळाने म्हणाला, "बार्बराला आजच फोन कर. त्या लोकांचे ट्रेलर लवकर भरतात."

"करते. घरात गेले की."

पण आम्ही घरात गेलो नाही. मघापर्यंत ढग होते ते कधीतरी सरकले होते आणि दुपारचं कलतं ऊन समोरच्या काचेतून सरळ आत येत होतं. बाहेर वारा सुटला होता, मेपलची पानं आडवी उडत होती, पण काचेच्या आत वारा नव्हता. आधी गुडघे गरम झाले. मग मांड्या, मग हात. दिलीपने टोपी काढली. थोड्या वेळाने जॅकेटची चेन उघडली, आणि मग जॅकेटच काढून मांडीवर घेतलं. त्याने डोकं मागे टेकवलं, चेहरा वर केला, डोळे मिटले. त्याच्या कपाळावर बारीक घाम आला होता. मी सीट पुढे ओढली, चप्पल काढली आणि पाय वर घेऊन बसले.

किती वेळ बसलो कोण जाणे. शेजाऱ्यांच्या छपराची सावली ड्राइव्हवेवर चढली, बॉनेटवर आली, काचेच्या खालच्या कडेला लागली. ती माझ्या हातावर आली तेव्हा दिलीपला झोप लागली होती. मी त्याचं जॅकेट त्याच्या अंगावर नीट घातलं आणि सावली त्याच्यापर्यंत पोचायची वाट बघत बसून राहिले.